सांडलेल्या ताऱ्यांची वाट : प्रस्तावना

सिंधू, झेलम, चिनाब आणि रावी ही नावे २०१८ साली आकाशात पोहोचली. चिलीतल्या सेरो तोलोलो पर्वतावरच्या चार मीटर व्यासाच्या ब्लँको दुर्बिणीने दक्षिण आकाशाचे जे सर्वेक्षण केले, त्याच्या नोंदी चाळताना नोरा शिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ताऱ्यांच्या अकरा नव्या धारा सापडल्या. या धारांना नद्यांची, पाण्याची नावे द्यायची असे ठरले. काही नावे चिली आणि ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांनी आपल्या शिक्षकांच्या मदतीने, त्या त्या भूमीतल्या जुन्या भाषांमधून निवडली. चार धारांच्या वाट्याला सिंधूच्या खोऱ्यातल्या नद्या आल्या.

यांतल्या चिनाबचे पुढे काही वेगळेच झाले. वर्षभरातच लक्षात आले की ही स्वतंत्र धार नाही. उत्तर आकाशात २००६ मध्ये एक प्रवाह सापडला होता, त्याचाच हा दक्षिणेकडे गेलेला भाग. दोन्ही तुकडे जोडून पाहिले तेव्हा त्यांतले तारे ज्या दिशेने धावत होते, ती दिशा प्रवाहाच्या रेषेशी जुळेना. नदीचा काठ एकीकडे आणि पाणी तिरपे दुसरीकडे, असा तो प्रकार होता. त्या तिरपेपणाचा अर्थ लावताना आपल्या आकाशगंगेच्या आकाराबद्दल आधीच्या पंधरा-वीस वर्षांत मांडलेली बरीच गणिते पुन्हा उघडावी लागली.

वाचकाला त्या जागेपर्यंत नेण्यासाठी मी हे पुस्तक लिहिले. मध्ये थोडी चढण आहे. या प्रस्तावनेत वाटेची ओळख करून देतो.

सुरुवात ज्या वस्तूचा आकार शोधायचा आहे, तिच्यापासून. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि सेकंदाला साधारण २३० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. एक फेरी पुरी व्हायला त्याला २२-२३ कोटी वर्षे लागतात. केंद्रापासून आणखी दूर गेले, तारे विरळ झाले, की हा वेग झपाट्याने उतरायला हवा. सूर्यमालेत तसेच होते. नेपच्यून बुधापेक्षा कितीतरी सावकाश फिरतो. दीर्घिकांमध्ये तसे होत नाही. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतल्या वायूच्या ढगांचे वेग मोजून प्रसिद्ध केले आणि पुढच्या दशकात इतर अनेक दीर्घिकांचे मोजले. बाहेरच्या टोकालाही वेग टिकून होते. त्याआधी १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या कोमा समूहात अशीच तफावत आढळली होती: दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर तो समूह एकत्र राहूच शकत नव्हता. न दिसणाऱ्या, प्रकाश न देणाऱ्या आणि न अडवणाऱ्या कशाचे तरी गुरुत्व तिथे काम करत आहे, या अनुमानाला तेव्हापासून बळ मिळत गेले. त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो. वर्तमानपत्रांत डार्क मॅटर हा शब्दही रुळला आहे.

आकाशगंगेची तारकांनी भरलेली तबकडी साधारण एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. तिला सर्व बाजूंनी वेढून असलेला कृष्णद्रव्याचा पसारा केंद्रापासून सहा-सात लाख प्रकाशवर्षांपर्यंत गेलेला आहे आणि त्याचे वस्तुमान सूर्याच्या अंदाजे एक लाख कोटी पट भरते. या पसाऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याला मराठीत प्रभामंडल हा प्रतिशब्द सुचवला जातो. देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ डोळ्यांसमोर आणणारा तो शब्द सुंदर आहे, पण इथे प्रभाच नाही. जे अजिबात उजळत नाही त्याला प्रभामंडल म्हणणे मला पटले नाही. म्हणून या पुस्तकात हेलो हाच शब्द ठेवला आहे. तारकाप्रवाह, दीर्घिका, बटू दीर्घिका, बंदिस्त तारकागुच्छ हे शब्द मात्र आपल्याकडच्या आकाशप्रेमींच्या तोंडी आहेत, तेच वापरले आहेत.

आता आकाराचा प्रश्न. हेलो लाडवासारखा गोल आहे का? पेढ्यासारखा, वरून-खालून दाबलेला आहे? जांभळासारखा एका दिशेने लांबट आहे? की हापूस आंब्यासारखा, लांबी वेगळी, रुंदी वेगळी आणि जाडीही वेगळी? या चारही आकारांना गणितात नावे आहेत आणि पुढे ती येतील. डोळ्यांपुढे ही चार फळे-मिठाया ठेवल्या तरी काम भागेल.

न दिसणाऱ्या वस्तूच्या आकाराची एवढी उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे आजवर कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता आलेले नाही. त्याचे कण पकडण्यासाठी खाणींच्या तळाशी उपकरणे बसवली, त्यांतून खात्रीचा कण हाती आला नाही. अशा वेळी त्या द्रव्याचा स्वभाव त्याच्या वागण्यावरून ओळखावा लागतो, आणि आकार हा वागण्याचा ठसा असतो. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना न अडखळता आरपार जात असतील, तर संगणकातल्या प्रतिरूपांत तयार होणारे हेलो गोल नसतात, ते बहुधा लांबट किंवा आंब्यासारखे निघतात. दीर्घिकेतला साधा वायू थंड होऊन मध्यभागी साचला, तारे झाले, की त्याच्या गुरुत्वाने हेलोचा आतला भाग बराच गोलाकडे झुकतो. कण एकमेकांवर आपटत असतील, तर आतला भाग त्याहून गोल व्हायला हवा. आणि कृष्णद्रव्य नाहीच, गुरुत्वाचा नियमच दूरच्या अंतरावर बदलतो, असे मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडले. ते खरे असेल तर सगळे गुरुत्व दिसणाऱ्या तबकडीतूनच येणार आणि त्याचा आकारही तिचेच ऐकणार. चार मते, चार आकार. म्हणून आकार मोजायचा.

पण मोजायचा कशाने? तबकडीतल्या वायूच्या वेगावरून हेलोचे वस्तुमान कळते, आकार फारसा कळत नाही, कारण तो वायू एकाच पातळीत फिरतो. ताटात फिरणाऱ्या गोटीला ताटाच्या वर आणि खाली काय आहे याचा पत्ता कमीच लागतो. तबकडी सोडून वर जाणारे, खाली जाणारे, दूर जाऊन परतणारे काहीतरी हवे. तेही एकटेदुकटे नको, कारण आकाशगंगेतला एखादा तारा आज कुठे आहे आणि कोणत्या वेगाने जात आहे एवढेच दिसते. त्याची वाट दिसत नाही. कोट्यवधी वर्षांची फेरी आपण क्षणभर पाहतो.

तारकाप्रवाहांनी ही अडचण सोडवली.

बैलगाडीत ज्वारीची पोती भरली आहेत आणि एका पोत्याला खालून भोक पडले आहे, असे समजा. गाडी निघून जाते, मागे दाण्यांची रेघ उरते. गाडी कोणी पाहिली नसली तरी ती कुठून आली, कुठे वळली हे रेघ सांगते. चढावर बैल मंदावले असतील तिथे दाणे दाट पडलेले असतात. तारकाप्रवाह ही अशीच रेघ आहे. पोत्याच्या जागी एखादा तारकागुच्छ किंवा बटू दीर्घिका. ती आकाशगंगेभोवती फिरत असताना तिच्या केंद्राकडच्या बाजूवर ओढ जास्त पडते, पलीकडच्या बाजूवर कमी. समुद्राला भरती येते ती याच फरकामुळे. ओढीतला हा फरक काठावरच्या ताऱ्यांना गुच्छाच्या स्वतःच्या पकडीतून सोडवतो. प्रवाहातले तारेही फेरीच्या दूरच्या टोकाला मंदावतात आणि तिथे गर्दी करतात, हेही उपमेत बसते.

उपमा इथपर्यंतच घ्यायची. दाणे जिथे पडतात तिथे राहतात. सुटलेले तारे थांबत नाहीत, ते स्वतः फिरत राहतात. केंद्राच्या बाजूने सुटलेल्यांची कक्षा थोडी आतली, म्हणून ते गुच्छाच्या पुढे जातात. बाहेरच्या बाजूने सुटलेले मागे रेंगाळतात. म्हणून रेघ गाडीच्या मागे असते तशीच पुढेही असते. शिवाय ही रेघ गुच्छाच्या कक्षेशी तंतोतंत जुळत नाही, किंचित सरकलेली असते. सुरुवातीच्या काही अभ्यासांत ती जुळते असे धरले गेले आणि उत्तरे त्या मानाने चुकली. हा बारकावा तिसऱ्या प्रकरणात सविस्तर घेतला आहे. घाईत असलेल्या वाचकानेही ते प्रकरण टाळू नये.

रेघेवरून आकार कसा कळतो? हेलो लाडवासारखा गोल असेल, तर ओढ नेहमी नेमकी केंद्राकडे असते आणि प्रत्येक कक्षा आपल्या एका सपाट पातळीत कायम राहते. मग प्रवाहही त्याच पातळीत पसरतो आणि केंद्रातून पाहणाऱ्याला आकाशाभोवती बांधलेल्या एका सरळ पट्ट्यासारखा दिसेल. हेलो पेढ्यासारखा असेल तर ओढ थोडी मधल्या पातळीकडे झुकते. मग कक्षेची पातळी हळूहळू कलंडत, फिरत राहते, मंदावलेल्या भोवऱ्यासारखी. प्रवाहातले आधी सुटलेले तारे आणि नंतर सुटलेले तारे मग वेगवेगळ्या पातळीत सापडतात. आंब्यासारख्या हेलोत तर काही कक्षा इतक्या बेभरवशाच्या होतात की बारीक धार पिंजलेल्या कापसासारखी पसरून जाते. म्हणजे प्रवाहाची दिशा, त्याचा पीळ आणि त्याची जाडी, या तिन्हींत हेलोचा आकार लिहिलेला असतो. वाचायचे कसे, एवढाच प्रश्न.

तो वाचताना काय काय घडले, याचा सगळ्यांत मोठा आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग धनू राशीतल्या बटू दीर्घिकेचा आहे. १९९४ मध्ये केंब्रिजच्या रॉड्रिगो इबाटा, जेरार्ड गिलमोर आणि मायकेल अर्विन यांनी आकाशगंगेच्या मध्यफुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग तपासताना एक वेगळा जथा पाहिला. ते तारे एकाच वेगाने जात होते आणि तो वेग फुगवट्यातल्या ताऱ्यांचा नव्हता. फुगवट्याच्या पलीकडे, आपल्यापासून ८० हजारांवर प्रकाशवर्षे दूर, एक अख्खी बटू दीर्घिका आकाशगंगेच्या ओढीने फाटत चालली होती आणि इतकी वर्षे आपल्या दीर्घिकेच्या ताऱ्यांआड झाकली गेली होती. २००३ मध्ये स्टीव्हन मायेव्स्की आणि सहकाऱ्यांनी टू-मास या अवरक्त सर्वेक्षणातल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांचा नकाशा केला, तेव्हा तिच्या शेपट्या सगळ्या आकाशाला वेढा घालून आलेल्या दिसल्या. २००६ मध्ये वासिली बेलोकुरोव आणि सहकाऱ्यांनी स्लोन सर्वेक्षणातून त्याच आकाशाचे जे चित्र काढले, त्यात तर प्रवाहांचे शेतच पसरलेले होते.

एवढा लांब प्रवाह मिळाल्यावर हेलोचा आकार हाती येणारच, असे वाटणे स्वाभाविक होते. २००१ मध्ये इबाटा आणि सहकाऱ्यांनी कार्बन ताऱ्यांवरून सांगितले की हेलो जवळजवळ गोल आहे. २००४ मध्ये अमिना हेल्मी यांनी पुढच्या शेपटीतल्या ताऱ्यांचे वेग पाहिले आणि सांगितले की तो तबकडीला काटकोनात लांबट आहे, जांभळासारखा. २००५ मध्ये कॅथरिन जॉन्स्टन, डेव्हिड लॉ आणि मायेव्स्की यांनी त्याच शेपट्यांच्या कक्षापातळीचा कलंडलेपणा मोजला आणि सांगितले की तो किंचित चपटा आहे, पेढ्यासारखा. तिन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले होते. प्रवाह एकच, वेगांना विचारले तर एक उत्तर, जागांना विचारले तर नेमके उलटे.

२०१० मध्ये लॉ आणि मायेव्स्की यांनी दोन्ही साक्षी एकत्र बसवणारे प्रतिरूप मांडले. हेलो तीन अक्षांचा, आंब्याच्या जातीचा. त्यांच्या आकड्यांत मात्र दोन अक्ष जवळपास समान आणि तिसरा आखूड निघाला, आणि तो आखूड अक्ष तबकडीच्या पातळीतच होता. म्हणजे पेढा ताटात आडवा ठेवलेला नसून कडेवर उभा केलेला आणि ताट त्याच्या मधून आरपार गेलेले. आकडे बसत होते, पण अशा हेलोत तबकडी टिकेल कशी? व्हिक्टर डेबातिस्ता आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये संगणकात अशी मांडणी करून पाहिली. तबकडी त्या अवस्थेत स्थिर राहीना. २०१५ मध्ये सॅरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक अडचण पुढे आणली. या आकाराच्या हेलोत पालोमार ५ नावाच्या तारकागुच्छाचा प्रवाह पसरट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो दोऱ्यासारखा बारीक आहे.

पालोमार ५ हा सर्प तारकासमूहातला, सुमारे ७० हजार प्रकाशवर्षांवरचा क्षीण गुच्छ. मायकेल ओडेनकिर्खेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये स्लोन सर्वेक्षणाच्या अगदी पहिल्या नोंदींत त्याच्या दोन शेपट्या पाहिल्या. आज त्या वीस अंशांहून लांब माहीत आहेत आणि गुच्छात उरलेल्या ताऱ्यांपेक्षा शेपट्यांतच जास्त तारे आहेत. पोते अर्ध्याहून अधिक रिकामे झाले आहे. दुसरा बारीक प्रवाह जीडी-१. कार्ल ग्रिलमेर आणि ओडिसियास डिओनाटोस यांना तो २००६ मध्ये सापडला, सप्तर्षीपासून कर्क राशीपर्यंत ६३ अंश पसरलेला. गाया या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींनंतर त्याची लांबी आणखी वाढली आहे. त्याचे पोते कुठे आहे हे कोणाला सापडलेले नाही; बहुधा ते पूर्ण रिते होऊन संपले.

हे दोन बारीक प्रवाह धनूच्या प्रचंड प्रवाहापेक्षा साक्षीदार म्हणून अधिक भरवशाचे आहेत, असे माझे मत झाले आहे. त्यांतल्या ताऱ्यांच्या वेगांत आपापसांत फरक फार कमी, म्हणून रेघ रेखीव राहते. पण तेही सगळेच सांगतात असे नाही. सर्गेई कोपोसोव, हान्स-वॉल्टर रिक्स आणि डेव्हिड हॉग यांनी २०१० मध्ये जीडी-१ वरून गुरुत्वाचा एकूण चपटेपणा ०.८७ काढला. पूर्ण गोलाला हा आकडा १ असतो. मग त्यांनीच दाखवून दिले की हा चपटेपणा बराचसा तबकडीचाच आहे. हेलोबद्दल त्यावरून एवढेच म्हणता येते की तो फार चपटा नाही. जो आकडा आपल्याला हवा होता तोच दुसऱ्या कशाचा तरी आहे, हे स्वतः सांगणे मला त्या शोधनिबंधातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. जो बोवी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पालोमार ५ आणि जीडी-१ दोन्ही एकत्र घेतले, तेव्हा आतल्या हेलोचा आकडा १.०५ आला, ०.१४ इतक्या मागेपुढे. म्हणजे जवळपास लाडूच.

मग धनूचा प्रवाह वेगळे का बोलत होता? इथे चिनाब परत येते.

२००६ मध्ये उत्तरेला सापडलेल्या त्या प्रवाहाचा मूळ गुच्छ किंवा मूळ दीर्घिका कोणालाच माहीत नव्हती, म्हणून त्याला अनाथ असे नाव पडले. २०१८ च्या एप्रिलमध्ये गायाची दुसरी नोंदवही जगाला खुली झाली. युरोपीय अवकाश संस्थेची ही दुर्बीण १९ डिसेंबर २०१३ रोजी निघाली होती आणि शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांच्या जागा आणि आकाशातली त्यांची सरक ती मोजत होती. कोपोसोव आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदींतून एका विशिष्ट जातीचे स्पंदनशील तारे निवडले, ज्यांचे अंतर चांगले काढता येते, आणि अनाथ प्रवाह दक्षिणेला थेट चिनाबपर्यंत जाऊन मिळतो हे दाखवले. सगळी लांबी २१० अंशांच्या घरात. आणि तिथेच तो तिरपेपणा दिसला, ज्याने ही प्रस्तावना सुरू केली. ताऱ्यांचा वेग प्रवाहाच्या दिशेत नव्हता. स्थिर, शांत दीर्घिकेत कोणताही आकार दिला तरी असे होत नाही. बाजूने कोणीतरी ओढल्याशिवाय होत नाही.

ओढणारा सापडला तो मोठा मॅगेलनी मेघ. दक्षिण गोलार्धात नुसत्या डोळ्यांना दिसणारी ही बटू दीर्घिका आपल्यापासून सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर आहे. महाराष्ट्रातून ती क्षितिजाला इतकी चिकटून येते की आपल्यापैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. ती आकाशगंगेची एक छोटी सोबतीण आहे, तिचा परिणाम गणितात धरला नाही तरी चालेल, असे बहुतेकांनी धरले होते. डेनिस एर्काल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अनाथ-चिनाब प्रवाहाच्या वाकण्यावरून तिचे वस्तुमान काढले: सूर्याच्या तेरा ते चौदा हजार कोटी पट. आपल्या हेलोच्या वस्तुमानाचा दहावा भाग, कदाचित त्याहूनही अधिक. एवढी जड दीर्घिका जवळून जात असेल तर ती प्रवाहांना ओढणारच, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती आकाशगंगेलाच ओढणार. केंद्र, तबकडी, आतला हेलो हे सगळे तिच्याकडे सरकते आहे आणि बाहेरचा हेलो एवढ्या लवकर मागोमाग येऊ शकत नाही.

आधीच्या सगळ्या गणितांत आकाशगंगा एका जागी खिळलेली होती. धनूच्या प्रवाहाची दूरची शेपटी बाहेरच्या हेलोत, जवळची आत. दोघींना एकाच न हलणाऱ्या केंद्राशी बांधायचे म्हटले की आकडे जुळेनात, आणि ते जुळवण्यासाठी हेलोला उभ्या पेढ्याचा आकार द्यावा लागला. युजीन वासिलिएव, बेलोकुरोव आणि एर्काल यांनी २०२१ मध्ये धनू, मेघ आणि आकाशगंगा तिघांनाही हलू दिले. वेग आणि जागा दोन्ही एकत्र बसल्या. त्यांच्या उत्तरात हेलोला एकच आकार नाही. आत तो एका घडणीचा आहे, बाहेर दुसऱ्या, आणि त्याचे अक्षही आतून बाहेर जाताना दिशा बदलतात.

या कहाणीवर मी पुस्तकाची दोन मोठी प्रकरणे खर्च केली आहेत. काही जाणकार मित्रांना ते जास्त वाटले. आजचे उत्तर सांगून मोकळे व्हावे असे त्यांचे म्हणणे होते. मी ते मानले नाही. २००१ ते २०२१ या वीस वर्षांत कोणीही निष्काळजीपणा केला नाही, तरी उत्तरे एकमेकांशी भांडत राहिली, आणि भांडणाचे मूळ कोणीच न तपासलेल्या एका गृहीतकात होते. विज्ञान कसे चालते हे मराठी विद्यार्थ्याला दाखवायचे असेल तर याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

आजचे आकडे देतो, पण ते वाचताना एक सावधगिरी हवी. हेलोच्या घनतेचा आकार आणि त्याच्या गुरुत्वविभवाचा, म्हणजे त्याच्या ओढीच्या मांडणीचा, आकार या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा नेहमी पहिल्यापेक्षा गोल असतो. एका निबंधातला ०.९ आणि दुसऱ्यातला ०.७ यांत कधी कधी काहीच भांडण नसते. ख्याती मल्हान आणि इबाटा यांनी २०१९ मध्ये जीडी-१ वरून घनतेचा चपटेपणा ०.८२ काढला, त्रुटीची मर्यादा मोठी ठेवून. २०२४ मध्ये इबाटा आणि सहकाऱ्यांनी गायाच्या तिसऱ्या नोंदवहीतले ८७ बारीक प्रवाह एकत्र गणितात घेतले. आकडा आला ०.७५. दुसरीकडे हेल्मींच्या गटाने सूर्याच्या परिसरातून जाणाऱ्या ताऱ्यांच्या जुन्या प्रवाहांवरून आतला हेलो थोडा लांबट असल्याचे मांडले आहे. माझे मत विचाराल तर आतला हेलो फार विकृत नाही, गोलाच्या आसपास, बहुधा किंचित चपटा, एवढे मान्य करण्याइतका पुरावा आहे. बाहेरच्या हेलोबद्दल एका आकड्यात बोलणे आता सोडून द्यावे.

एका शेजारच्या वाटेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. प्रवाह हाती येण्याआधीपासून हेलोचा आकार काढण्याची आणखी एक रीत होती: दीर्घिकेच्या काठावर हायड्रोजन वायूचा थर किती जाड होत जातो हे मोजायचे. चपटा हेलो तो थर दाबून ठेवतो, लांबट हेलो त्याला फुगू देतो. या रीतीचे फार मोलाचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक चंदा जोग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले आहे. अरुणिमा बॅनर्जी यांच्यासह त्यांनी देवयानीचा हेलो बराच चपटा आणि आपल्या आकाशगंगेचा हेलो बाहेर जाताना अधिकाधिक लांबट होत जाणारा असल्याचे दाखवले. प्रवाहांवरच्या इंग्रजी पुस्तकांत हे काम एखाद्या ओळीत उरकलेले असते. इथे त्याला स्वतंत्र प्रकरण आहे.

शेवटच्या भागात आकारापलीकडचे थोडे आहे. जीडी-१ मध्ये एक फट आहे आणि तिच्या बाजूला ताऱ्यांचा एक फाटा निघालेला आहे. एड्रियन प्राइस-व्हेलन आणि अना बोनाका यांनी २०१८ मध्ये ती रचना गायाच्या नोंदींतून स्पष्ट केली. दहा लाख ते दहा कोटी सूर्यांइतके वस्तुमान असलेला, स्वतः न दिसणारा एखादा गोळा प्रवाहाला छेदून गेला असावा, हे २०१९ मधले अनुमान. कृष्णद्रव्याचे असे लहान गोळे खरोखर असतील, तर रेघेतल्या प्रत्येक तुटीची किंमत आहे. गायाचे निरीक्षण जानेवारी २०२५ मध्ये थांबले, तिच्या पुढच्या नोंदवह्या अजून यायच्या आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये चिलीच्या सेरो पाचोनवरच्या वेधशाळेने पहिली चित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांत एम ६१ या दूरच्या दीर्घिकेला चिकटलेला, आधी कोणी न पाहिलेला एक तारकाप्रवाह निघाला. वेधशाळेला नाव व्हेरा रुबिन यांचे आहे.

गणित न येणाऱ्या वाचकाने चौकटींतला मजकूर सोडून वाचावे. धागा तुटणार नाही अशी काळजी घेतली आहे. चुका आढळल्या तर जरूर कळवाव्यात.

आणि एक विनंती. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या एखाद्या स्वच्छ संध्याकाळी, अंधार पडताच नैऋत्येला धनू रास शोधा. उत्तराषाढा नक्षत्रातल्या झीटा ताऱ्याच्या जवळच एम ५४ नावाचा बंदिस्त तारकागुच्छ आहे. शार्ल मेसिए यांनी तो १७७८ मध्ये नोंदवला. लहान दुर्बिणीतून तो धुक्याच्या ठिपक्यासारखा दिसतो. फाटत चाललेल्या त्या बटू दीर्घिकेचे केंद्र तिथेच आहे. पुस्तक उघडण्याआधी तो एकदा पाहून या.